पिंजऱ्यातला क्लोराइड, बोअरमधला फ्लोराइड

१९६८ साली अमेरिकेतल्या विल्मिंग्टन शहरात, ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत सी. एच. पार्क आणि हॉवर्ड सिमन्स यांनी एक नवा रेणू तयार केला. दोन टोकांना एकेक नायट्रोजन, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या कार्बनच्या तीन लांब साखळ्या. हा रेणू आम्लात टाकला की दोन्ही नायट्रोजन एकेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित आयन, उचलतात. हे नवे हायड्रोजन आतल्या पोकळीकडे तोंड करतात आणि पोकळीत क्लोराइड येऊन बसतो. क्लोराइड हा ऋणायन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेला आयन. नायट्रोजनला लागलेला हायड्रोजन किंचित धनभारित असतो, म्हणून तो ऋणायनाला स्वतःकडे ओढतो. हाच हायड्रोजन बंध. ऋणायनाला असं रेणूच्या पिंजऱ्यात धरून ठेवण्याचा इतिहास इथून सुरू होतो.

सुरू होतो आणि लगेच थांबतोही. कारण त्याच कंपनीत वर्षभर आधी चार्ल्स पेडरसन यांनी धनायन, म्हणजे धनभारित आयन, धरणाऱ्या वलयाकार रेणूंचा शोध जाहीर केला होता. पेडरसन यांचा जन्म कोरियातल्या बुसानचा, वडील नॉर्वेचे, आई जपानी. डॉक्टरेट त्यांनी कधी केलीच नाही. भलत्याच प्रयोगात अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघालेली पांढरी रेशमी स्फटिकं त्यांनी फेकून दिली नाहीत, आणि त्यातूनच पोटॅशियमला मिठीत घेणारा रेणू हाती आला. निवृत्तीला आलेल्या माणसाचा हा शोध इतका गाजला, की सगळं रसायनशास्त्र धनायनांच्या मागे लागलं. पार्क-सिमन्स यांचा लेख कपाटात राहिला. सिमन्स हे काही अनोळखी नाव नव्हतं. कार्बनची तीन अणूंची वलयं बनवण्याची त्यांच्या नावाची अभिक्रिया आजही पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागते. तरीही क्लोराइड खरोखर पिंजऱ्याच्या आतच बसलेला आहे, हे क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकात दिसायला १९७५ साल उजाडलं.

ही निव्वळ फॅशन होती असं म्हणून चालणार नाही. ऋणायन पकडणं मुळातच अवघड आहे. फ्लोराइड आणि पोटॅशियम हे दोन्ही आयन जवळपास एकाच आकाराचे, त्रिज्या सुमारे १.३३ आणि १.३८ अँगस्ट्रॉम. पण पाण्यातून पोटॅशियम उपसायला मोलमागे सुमारे २९५ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि फ्लोराइडला ४६५. सल्फेटचा आकडा तर हजारावर जातो. धीवराचं जाळं पाणी सोडून देतं आणि मासा धरतं. इथे मासाच पाण्याला घट्ट चिकटून बसलेला असतो. शिवाय क्लोराइड गोल, अझाइड सरळ काडीसारखा, नायट्रेट चपटा त्रिकोणी, सल्फेट चौफलकी. धनायनांमध्ये आकारांची अशी विविधता फारशी नाही. त्यातच फॉस्फेटसारखे ऋणायन पाण्याची आम्लता बदलली की प्रोटॉन घेतात किंवा टाकतात, आणि त्यांचा भारच बदलतो.

हे सगळे आयन काही परदेशी प्रयोगशाळांमधले पाहुणे नाहीत. गोंदिया शहराला लागून वाढलेल्या कुडव्यातल्या कुठल्याही बोअरचं पाणी घ्या. त्यात क्लोराइड, बायकार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट आणि थोडाफार फ्लोराइड सापडणारच. धानाच्या बांध्यांमध्ये खतातून पडणारा फॉस्फेट वेगळाच. दख्खनचा काळा बसाल्ट पश्चिमेकडे संपतो. पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या खोऱ्यात, जमिनीखाली फार जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत. अशा खडकांतल्या खनिजांमधून फ्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर तो कॅल्शियमबरोबर बांधला जाऊन तळाशी बसतो. कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असलं, की तो पाण्यात साचत राहतो. केंद्रीय भूजल मंडळाने फ्लोराइडची समस्या असलेले महाराष्ट्रातले जे जिल्हे नोंदवले आहेत, त्यात चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर यांच्याबरोबर गोंदियाचंही नाव आहे. जिल्ह्याचं प्रत्येक पाणी वाईट, असा याचा अर्थ नाही. एका गावात एक हातपंप चांगला आणि पन्नास पावलांवरचा दुसरा वाईट, असं फ्लोराइडच्या बाबतीत नेहमी घडतं.

त्यामुळे ऋणायन पकडण्याचे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक पिंजऱ्यांचा. दुसरा आपल्याकडचा, आणि तो आधी सुरू झालेला आहे. १९३७ साली एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लूर जिल्ह्यातून एक अहवाल प्रसिद्ध केला: दातांवर डाग, ताठरलेला कणा, वाकता न येणारी माणसं, आणि या सगळ्याच्या मुळाशी पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड. भारतात या रोगाची वैद्यकीय नोंद तिथून सुरू होते. पुढे १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती नीरी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७५ मध्ये, म्हणजे पिंजऱ्यातला क्लोराइड स्फटिकात दिसला त्याच वर्षी, नीरीच्या संशोधकांनी नळगोंडा पद्धत सविस्तर मांडली. आज तेलंगणात असलेल्या नळगोंडा जिल्ह्यावरून हे नाव आलं. पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर टाकायची, आधी जोरात, मग हळू ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा पाण्यात भुसभुशीत पुंजका तयार होतो आणि फ्लोराइड त्याला चिकटून खाली जातो. यात कसलाही नेमका बसणारा साचा नाही. पुंजका जे मिळेल ते ओढतो, आणि खेड्यातल्या टाकीवर बसलेला माणूसही तो बनवू शकतो.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये झाँ-मारी लेन यांनी अगदी उलट टोकाचं काम केलं. धनायनांसाठी त्रिमितीय पोकळीचे रेणू त्यांनी १९६९ पासून बनवले होते. अर्नेस्ट ग्राफ यांच्याबरोबर त्यांनी एक जवळपास गोल रेणू रचला: चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर चार नायट्रोजन, मध्ये पोकळी. साध्या अवस्थेत हा रेणू अमोनियम आयनाला आत घेतो. तेव्हा पाहुण्याचे हायड्रोजन यजमानाच्या नायट्रोजनकडे वळलेले असतात. तोच रेणू आम्लात टाकून चारही नायट्रोजनना प्रोटॉन दिले, की सगळी दिशा उलटते. आता हायड्रोजन यजमानाचे, आणि मध्ये क्लोराइड, चारही बाजूंनी धरलेला. ब्रोमाइड थोडा मोठा, म्हणून तो नीट मावत नाही. एकाच घरात दोन विरुद्ध भारांचे पाहुणे राहू शकतात, फक्त हायड्रोजन कुणाच्या अंगावर आहे ते बदलावं लागतं. या काळातल्या सगळ्या रचनांमध्ये मला ही सर्वांत देखणी वाटते.

१९७८ मध्ये लेन यांनी लांबट पिंजरा केला. त्यात सरळ काडीसारखा अझाइड बसला. दोन्ही टोकांच्या नायट्रोजनना प्रत्येकी तीन हायड्रोजन बंध. पिंजरा ऋणायनाच्या आकाराबरहुकूम घडवता येतो, हे इथे प्रथम इतक्या स्पष्टपणे दिसलं. १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल लेन, पेडरसन आणि डोनाल्ड क्रॅम यांना मिळून देण्यात आलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, लेन यांच्या गटाने आठ नायट्रोजनचा एक आटोपशीर पिंजरा प्रसिद्ध केला. तो फ्लोराइडला पाण्यातसुद्धा घट्ट धरतो, आणि क्लोराइडकडे जवळपास ढुंकूनही पाहत नाही. नेल्लूर किंवा गोंदियाच्या दृष्टीने पाहिलं तर हा हवा तोच रेणू. मग तो आपल्या पाण्याच्या टाकीवर का आला नाही, याकडे पुढे येतोच.

या पिंजऱ्यांमध्ये एक उणीव राहिली होती. ते सगळे प्रोटॉन घेऊन स्वतः धनभारित झालेले असायचे. धनभार समोर दिसेल त्या ऋणायनाला ओढतो. निवड करतो ती पिंजऱ्याची घडण आणि हायड्रोजन बंधांची जागा. भार काढून घेतला तर नुसत्या हायड्रोजन बंधांवर ऋणायन धरता येईल का? उत्तर जीवाणूंकडे आधीपासून होतं, ते वाचलं गेलं १९८५ मध्ये. ह्यूस्टनमध्ये फ्लोरान्ते किओचो यांच्या प्रयोगशाळेत साल्मोनेला जीवाणूच्या सल्फेट पकडणाऱ्या प्रथिनाची रचना उलगडली. सल्फेटवर दोन ऋणभार. तो प्रथिनाच्या पोटात खोलवर पुरलेला, एकही पाण्याचा रेणू सोबतीला नाही. आणि त्याच्या भोवती एकही धनभारित गट लागून नाही. त्याला धरलं होतं फक्त सात हायड्रोजन बंधांनी.

१९९० मध्ये किओचो आणि हार्टमुट लुएके यांनी फॉस्फेट पकडणारं प्रथिनही दाखवलं. त्यात बारा हायड्रोजन बंध. खरी नवल करण्यासारखी गोष्ट बंधांच्या संख्येत नाही. सल्फेट आणि फॉस्फेट आकाराने जवळपास सारखे, दोन्ही चौफलकी. डोळे मिटून हातात दिले तर ओळखू येऊ नयेत असे. तरीही फॉस्फेटचं प्रथिन सल्फेटला थारा देत नाही. कारण पोकळीत एका जागी हायड्रोजन देणारा गट नाही, उलट हायड्रोजन मागणारा ॲस्पार्टिक आम्लाचा ऋणभारित गट बसवलेला आहे. फॉस्फेटच्या अंगावर त्याला देण्याजोगा एखादा प्रोटॉन असतो, तो दिला की जागा जमते. सल्फेटकडे देण्यासारखं काही नाही, म्हणून त्याचा ऋणभार त्या गटाच्या ऋणभाराशी भिडतो आणि तो बाहेर फेकला जातो. माणसाने बनवलेल्या पिंजऱ्यांना एवढी बारीक समज यायला अजून पुष्कळ वेळ होता.

प्रयत्न मात्र सुरू झाले होते. १९८६ मध्ये प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट पास्कल यांच्या गटाने तीन अमाइड गटांनी वेढलेली पोकळी असलेला, अजिबात भार नसलेला पिंजरा केला आणि तो फ्लोराइड धरतो असं दाखवलं. पुढच्या काळात यूरियाची चाल आली, आणि शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या यूरियाच्याच कुटुंबातले गट इथे कामी आले. यूरियाचे दोन नायट्रोजन आपापले हायड्रोजन एकाच दिशेने पुढे करतात, जसे दोन हातांनी ऋणायनाला उचलावं. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळांत काम करणाऱ्या बेंजामिन हे (Hay) यांनी हिशेब मांडला: सल्फेटचा चौफलक घेतला तर त्याच्या सहा कडा, प्रत्येक कडेवर एक यूरिया बसवला तर बारा हायड्रोजन बंध, आणि यापेक्षा चांगली रचना होणार नाही. पण असे सहा यूरिया जागेवर धरून ठेवणारा सांगाडा कुठला? त्यासाठी त्यांनी संगणकाला कामाला लावलं. कागदावर सांगाडे जोडून पाहणारी आणि त्यातून योग्य तेवढेच निवडणारी आज्ञावली बनवली. त्यातल्याच ओक रिजच्या प्रयोगशाळेत राडू कस्टेल्सियन आणि सहकाऱ्यांनी तसा पिंजरा प्रत्यक्षात केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. निकेलचे चार अणू कोपऱ्यांवर, सहा जोडण्या सहा कडांवर, प्रत्येक जोडणीत एक यूरिया. सल्फेट मध्ये आला की हा पिंजरा त्याच्याभोवती आपोआप बांधला जातो.

सल्फेटच का, याचं उत्तर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डमध्ये आहे. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवताना तिथे निघालेला किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून पुरायचा आहे, आणि सल्फेट काचेत नीट विरघळत नाही. पाण्यातून सल्फेट वेचून काढायला पिंजरा हवा होता. त्या कामाला पैसा होता. रसायनशास्त्रात कुठला ऋणायन महत्त्वाचा, हे बरेचदा असंच ठरतं.

भारतातही या विषयाची पाळंमुळं पक्की रुजली. कानपूरच्या आयआयटीत परिमल भारद्वाज यांनी पिंजऱ्यासारख्या रेणूंवर दीर्घकाळ काम केलं. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेत आणि पुढे कोलकात्यात प्रद्युत घोष यांनी यूरिया असलेले अनेक ग्राही, म्हणजे आयन धरणारे, रेणू बनवले. त्यातल्या एकाने २०१० मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटच्या रूपात दोन रेणूंच्या कुपीत बंद केला. गुवाहाटीत गोपाल दास, आणि पुण्याच्या आयसरमध्ये पिनाकी तालुकदार. तालुकदार यांचा भर क्लोराइडला पकडून ठेवण्यापेक्षा त्याला पेशीच्या पडद्यापलीकडे नेऊन सोडण्यावर आहे. पडद्यातून क्लोराइड नेणारं प्रथिन बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो. ते काम एखादा छोटा रेणू करू शकेल का, असा हा शोध. धरण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, हे यातून चांगलं कळतं.

मग गोष्ट अशा बंधावर येऊन पोहोचली, ज्याला बंध मानायलाच लोक तयार नव्हते. १९६२ मध्ये लंडनमध्ये जून सटर या न्यूझीलंडच्या संशोधिकेने लिहिलं, की नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचाच नाही तर कार्बनला लागलेला हायड्रोजनही बंध करू शकतो. १९६८ मध्ये जेरी डोनोह्यू या नामवंत स्फटिकतज्ज्ञाने हा विचार मोडीत काढला, आणि पुढे बराच काळ सटर यांचं नाव फारसं कोणी घेतलं नाही. १९८२ मध्ये केंब्रिजमध्ये रॉबिन टेलर आणि ओल्गा केनर्ड यांनी शंभराहून अधिक स्फटिकांच्या नोंदी तपासल्या आणि सटर यांचं म्हणणं बरोबर ठरलं. नंतर या कमजोर बंधाला रसायनशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आणण्यात गौतम देसिराजू यांचा वाटा मोठा. त्यांचं पदवीचं शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, संशोधन आधी हैदराबादला, मग बंगळुरूला. थॉमस स्टायनर यांच्याबरोबर १९९९ मध्ये त्यांनी कमजोर हायड्रोजन बंधावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

कमजोर बंधांचा घट्ट पिंजरा, हे ऐकायला उफराटं वाटतं. इंडियाना विद्यापीठात अमर फ्लड यांनी तेच केलं. सटर यांच्यासारखं फ्लड यांचंही शिक्षण न्यूझीलंडचं, हा योगायोग. २००८ मध्ये त्यांनी ट्रायझोल नावाच्या पंचकोनी वलयांचं एक मोठं वलय बनवलं. त्यातले कार्बनला लागलेले हायड्रोजन क्लोराइडला धरत होते. २०१९ मध्ये त्याचा पूर्ण पिंजरा झाला. सहा ट्रायझोल, सहा बंध, प्रत्येक सुमारे २.७ अँगस्ट्रॉम लांबीचा, आणि क्लोराइडसाठी बंधस्थिरांक, म्हणजे पकडीचं माप, एकावर सतरा शून्यं. इतकी पकड निसर्गाच्या प्रथिनांतही क्वचितच दिसते. तिचं गुपित बंधाच्या ताकदीपेक्षा पिंजऱ्याच्या ताठरपणात आहे. पोकळी आधीच योग्य आकाराची असते. क्लोराइडसाठी रेणूला स्वतःला वाकवावं लागत नाही. ही मोजणी मात्र डायक्लोरोमीथेनमधली, म्हणजे पाणी जवळजवळ नसलेल्या द्रवातली, हे विसरता येत नाही.

आता तो आठ नायट्रोजनचा फ्लोराइडचा पिंजरा. एक हजार लिटरची टाकी घ्या, पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि तो १ मिलिग्रॅमवर आणायचा आहे. काढायचा फ्लोराइड २ ग्रॅम. पिंजऱ्याचं वजन फ्लोराइडच्या जवळपास वीसपट, म्हणजे प्रत्येक टाकीला सुमारे ४० ग्रॅम पिंजरा हवा. तो बाजारात किलोने मिळणारा पदार्थ नाही. शिवाय सगळे प्रोटॉन अंगावर ठेवायला पाणी चांगलंच आम्लधर्मी लागतं, आणि पिण्याचं पाणी तसं नसतं. फ्लोराइड धरलेला पिंजरा पाण्यातून परत काढायचा कसा, आणि त्याला रिकामा करून पुन्हा वापरायचा कसा, हे प्रश्न तर वेगळेच. म्हणून १९७५ ची तुरटी अजूनही कामावर आहे आणि १९८९ चा पिंजरा नाही. यात पिंजऱ्यांची नालस्ती नाही. ते आयन कसा ओळखावा हे शिकवतात, आणि तुरटीला ते ज्ञान कधीच नव्हतं. तुरटीच्याही अडचणी आहेत. गाळ उरतो, थोडं ॲल्युमिनियम पाण्यात राहू शकतं, आणि फ्लोराइड जाताना सल्फेट वाढतो. ॲल्युमिनाच्या कणांचे फिल्टर काही ठिकाणी चालतात. तेही वेळोवेळी धुऊन ताजे करावे लागतात. माझ्या मते पुढची दिशा पिंजऱ्यांना पाण्यात मोकळं सोडण्याची नाही. ती पिंजऱ्यांची निवडशक्ती एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठावर बसवून पाणी त्यातून जाऊ देण्याची आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतो; दुसरा स्रोत नसेल तर कमाल १.५. कुडव्यात, गोंदियात किंवा आसपासच्या गावात तुम्ही बोअरचं पाणी पीत असाल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून एकदा ते तपासून घ्या. शेजारच्या हातपंपाचा अहवाल तुमच्या बोअरला लागू होत नाही. पाणी उकळलं म्हणून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. हंड्यात तुरटी फिरवल्याने पाणी नितळ होतं, पण फ्लोराइड काढायला लागणारी तुरटी त्याच्या कित्येक पट असते आणि ती पाण्याची क्षारता मोजूनच ठरवावी लागते.